खांब सतरा

शुक्रवारी सकाळी सहाला
वर रस्त्यावर आधीच चौतीस डिग्री,
आणि वारा असा, की फूल मारावं इथे
आणि ते जाऊन पडावं थेट इराणात.
म्हणून आपण खाली उतरतो
तळघरातल्या पार्किंगमध्ये,
जिथे वारा नाही, ऊन नाही,
फक्त ट्यूबलाइटींची गुणगुण
आणि कुणाच्या तरी एसीचं ठिबकणारं पाणी.

खांब सतरा ते खांब अठरा
तुझ्या आईची आंबारंगाची ओढणी बांधली.
नेट म्हणून ती जरा जास्तच नटलेली;
टिकल्या चमकतात.
तू तिच्याखालून दोनदा पळालीस,
"भो" केलंस,
आणि खेळ संपला असं जाहीर केलंस.

रॅकेट सगळ्यात लहान आणली होती, तरी
तुझ्या छातीपर्यंत यायची.
कॅम्पातल्या सुधाकरन सुताराने
मूठ कापून दिली, कानस मारली,
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.
पैसे घेतले नाहीत.
मुलगी केवढी, असं विचारताना
त्याने हाताने हवेत जी उंची दाखवली
ती बरोबर तुझी होती,
तुला त्याने कधी पाहिलेलं नसताना.
त्याची मुलगी आता नववीत आहे, पालक्काडला.

"हे बघ, अबोली, हे फूल."
सोळा पिसं, बुचाची टोपी.
तू आधी वास घेतलास.
मग माझ्या नाकाला लावलंस, मीही घेतला:
कपाटाचा, थोडा डिंकाचा.
छान, म्हणालो. काय म्हणणार.

"आता फुलाला मारायचं. असं."

तू माझ्याकडे अशी पाहिलंस
की मी पहिल्यांदाच
माझं वाक्य ऐकलं.
गेल्याच आठवड्यात समुद्राकाठच्या
सदाफुलीच्या ताटव्याशी
मीच तुझा हात धरला होता:
फुलांना मारू नये. बाऊ होतो त्यांना.
मिरजेला गल्लीत आम्ही ओरडायचो,
फूल दे, फूल कौलांवर अडकलं, फूल फुटलं,
तीस वर्षं म्हणतोय,
आणि त्यात फूल आहे हे
सोहारच्या एका तळघरात
अडीच वर्षांच्या बाईंनी शिकवलं.

शब्द बदलून पाहिला. शटल म्हणालो.
"फू," तू म्हणालीस, ल गिळून, ठाम.
पक्षी म्हणालो.
पक्ष्याला तर मुळीच मारायचं नाही.
चेंडू म्हणालो, तेव्हा तू हसलीस,
बाबाला चेंडू माहीत नाही म्हणून.

शेवटी मी ते नुसतं वर टाकलं, हाताने.
ते पाइपांपर्यंत गेलं, वळलं,
डोकं खाली करून उतरू लागलं,
आणि तू रॅकेट पुढे केलीस
दोन्ही हातांनी, आडवी,
परडी धरावी तशी.
टप्प.
एकदा उसळलं, आणि तारांवर बसलं.
तू श्वास रोखून उभी.

मनगट, पवित्रा, बॅकहँड,
मी काय काय ठरवून आलो होतो.

मग दिवे लागले, एक गाडी निघाली.
आपण ओढणी उंच धरली,
एक टोक मी, एक टोक गेटवरचा शफीकुल,
खालून गाडी हळूच सरकली
आणि थांबली. काच खाली आली.
तिसऱ्या मजल्यावरचे म्हातारे ओमानी गृहस्थ,
तुझ्या रॅकेटकडे बघत विचारते झाले, हे काय?
"वर्दा," शफीकुल म्हणाला,
गेटवर शिकलेल्या अरबीत. फूल.
त्यांनी छातीवर हात ठेवला,
जणू तू ते त्यांनाच देत होतीस,
आणि गेले.

आता ते कढीपत्त्याच्या कुंडीत आहे,
बूच मातीत, पिसं वर.
तुझ्या बाटलीतून रोज पाणी.
डब्यात अजून पाच आहेत,
ती मी तुला दाखवलेली नाहीत.
काल रात्रपाळीहून आलो तेव्हा
दमट हवेनं एक पीस वाकलं होतं.
बूट काढायच्या आधी
मी ते सरळ केलं.